'सांगितलं होतं' आणि 'कळलंच नाही' यात ११२ पीस गेले. शिफ्ट बदलताना नेमकं बोलायचं कसं?

चाकणकर_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मोठं लिहितोय, पण कुणीतरी नीट वाचून उत्तर द्यावं अशी मनापासून इच्छा आहे.

मी २७ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला मशीनिंगच्या कंपनीत ८ महिन्यांपूर्वी शिफ्ट सुपरवायझर झालो. त्याआधी त्याच लाईनला सेटर होतो. मशीन कळतं मला, माणसांशी बोलताना मात्र कुठेतरी चुकतंय असं वाटायला लागलंय.

झालं असं की आमच्याकडे एक बोअरिंगचं ऑपरेशन आहे, म्हणजे पीसमधलं भोक (बोअर) आतून कापून मापात आणायचं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इन्सर्ट (कापणारं, बदलता येणारं टोक) साधारण १६० पीस चालतो आणि झिजत जातो तसा बोअर लहान यायला लागतो, म्हणून मधेमधे ऑफसेट देत राहावं लागतं, म्हणजे झिजेइतकं टूल सरकवायचा आकडा मशीनमध्ये भरायचा. सेकंड शिफ्टला एक काका आहेत, २२ वर्षं झाली त्यांना, त्यांच्या हाताला चूक नाही. त्या दिवशी त्यांनी शिफ्टभरात मिळून ४० मायक्रॉन ऑफसेट दिला होता. रात्री ११ ला थर्ड शिफ्टचा पोरगा आला, आयटीआय झालेला, बिहारचा आहे, ट्रेनी. काका त्याला म्हणाले, "इन्सर्ट संपत आलाय, बदलून घे, ऑफसेट दिलाय." आणि गेले. पोराने इन्सर्ट बदलला आणि मशीन चालू केलं. ऑफसेट दिलाय म्हणजे त्याला वाटलं सगळं करून ठेवलंय. काकांना म्हणायचं होतं की ऑफसेट दिलेला आहे, तर नवीन इन्सर्ट लावलास की काढून टाक!

नवीन इन्सर्ट आणि वर जुना ऑफसेट, त्यामुळे पहिल्या पीसपासून बोअर मोठा. गेजला दोन बाजू असतात, गो बोअरमध्ये गेली पाहिजे आणि नो-गो जाता कामा नये. पोरगा गेज लावत होता पण फक्त गो साईड, आणि मोठ्या बोअरमध्ये गो तर जाणारच. लाईन इन्स्पेक्टर रात्री दोन लाईनला मिळून एकच, तो पलीकडे अडकलेला. इन्सर्ट झिजत गेला तसे पहाटे ३ नंतरचे पीस आपोआप साईझमध्ये आले, म्हणून सकाळी वरवर बघितलेले पीस ओके निघाले आणि ट्रे पुढे गेला. डिस्पॅचच्या आधी नो-गो लावला तेव्हा कळलं. ११२ पीस स्क्रॅप. बोअर मोठा झाला की रीवर्क पण नाही करता येत.

आता माझी चूक सांगतो. सकाळच्या मीटिंगला मी दोघांना सगळ्यांसमोर उभं केलं. काका म्हणाले मी सांगितलं होतं, पोरगा म्हणाला नहीं बताया, मी आवाज चढवला. तेव्हापासून काका माझ्याशी कामापुरतंच बोलतात, पोरगा कुणालाच काही विचारत नाही, आणि आता सगळे लॉगबुकात "सांगितले" लिहून समोरच्याची सही घेतात. सही आहे पण बोलणं बंद झालंय. मॅनेजर म्हणतात टीमचं कम्युनिकेशन सुधारा. म्हणजे नेमकं काय करू? वयाने दुप्पट असलेल्या माणसाला "नीट सांगत जा" हे कसं सांगायचं?

भोसरीचे_काका

बाळा, मी ३४ वर्षं मेंटेनन्सला काढली, आता रिटायर आहे. तुझी पोस्ट दोनदा वाचली. तू स्वतःची चूक लिहिलीस ते बरं केलंस, पण आधी मला एक सांग, तुमची सेकंड शिफ्टची बस किती वाजता सुटते?

विचारतोय कारण आमच्याकडे ११:१० ला सुटायची. ११ ला पंच, कपडे बदलायचे, हातपाय धुवायचे, बस पकडायची. म्हणजे जे काही सांगायचं ते लॉकरकडे चालता चालता. बस गेली तर रात्री भोसरीतून घरी जायला रिक्षावाला मागेल ते द्यायचं. अशा वेळी माणूस तीन शब्दांतच सांगणार, त्याला तू नीट सांगत जा म्हणून उपयोग नाही.

तुला एक खरी घटना सांगतो, आम्हाला सेफ्टी ट्रेनिंगला शिकवली होती आणि मी ती कधी विसरलो नाही. स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल आणि गॅसचा प्लॅटफॉर्म होता. ६ जुलै १९८८. तिथे दोन पंप होते, एक चालू आणि एक कामासाठी बंद. बंद पंपाच्या लाईनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसा तपासणीसाठी काढला होता, काम संध्याकाळपर्यंत झालं नाही म्हणून तिथे नुसती पत्र्याची झाकणी लावून ठेवली. व्हॉल्व्हच्या कामाचं परमिट (लेखी परवाना) परत द्यायला माणूस कंट्रोल रूमला गेला, तिथले लोक कामात होते, तो परमिटवर सही करून ठेवून निघून गेला. पंपाच्या दुरुस्तीचं परमिट वेगळं आणि व्हॉल्व्हचं वेगळं. रात्री पावणेदहाच्या सुमाराला चालू पंप बंद पडला. रात्रपाळीच्या लोकांनी कागद बघितले, पंपाचं परमिट दिसलं, दुरुस्ती अजून सुरूच झाली नाहीये असं दिसलं, म्हणजे पंप चालवता येईल. व्हॉल्व्ह तिथे नाहीये हे त्यांना कुणी बोललंच नव्हतं. पंप चालू केला, झाकणीतून गॅस सुटला, स्फोट. १६७ माणसं गेली. पुढे लॉर्ड कलन यांची चौकशी झाली, १९९० ला अहवाल आला, त्यात १०६ शिफारशी होत्या.

सही तिथे पण होती रे. कागद तयार होता, पण ज्या माणसाला ती गोष्ट माहीत असायला हवी होती त्याच्या कानापर्यंत गेली नाही.

म्हणून माझं म्हणणं, हँडओव्हर मशीनपाशीच उभं राहून करायचा. लॉकरपाशी नाही, ऑफिसात नाही. जिथे बदल केलाय तिथे बोट लावून दाखवायचं. आम्ही पॅनलच्या दारावर मार्करने लिहायचो, काय बदललं आणि कधी काढायचं. इन्सर्ट बदलणारा हात त्याच पॅनलपाशी जाणार ना, मग लिहिलेलं पण तिथेच पाहिजे, टेबलावरच्या रजिस्टरात नको.

आणि काकांची माफी माग. चारचौघात बोललास ना, मग माफी पण चारचौघात.

नाईट_सिस्टर_नाशिक

मी आयसीयूला स्टाफ नर्स आहे, ११ वर्षं झाली. दादा तुमची पोस्ट वाचताना अंगावर काटा आला कारण "ऑफसेट दिलाय" हे वाक्य मी माझ्या वॉर्डात वेगळ्या शब्दांत रोज ऐकते.

माझ्याकडून झालेलं सांगते. एका पेशंटची शुगर खाली आली म्हणून इन्सुलिनचा पंप थांबवला होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं तासाने शुगर बघा आणि वाढली तर परत चालू करा. तेवढ्यात शिफ्ट बदलली. मी पुढच्या सिस्टरला म्हटलं, "इन्सुलिन बंद केलंय." तिला वाटलं बंदच झालं, आता इंजेक्शनवर घेणार असतील. पहाटे शुगर ४०० च्या वर. पेशंट सावरला, देवाची कृपा, पण मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. मी खोटं बोलले नव्हते, लपवलं नव्हतं, तिनेही लक्ष देऊन ऐकलं होतं. तरी झालं.

नंतर खूप विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण हँडओव्हर देताना सगळं "केलंय, दिलंय, झालंय" असंच बोलतो. म्हणजे मी काय केलं ते. पण समोरच्याला पाहिजे असतं आता मी काय करायचं ते. माझ्या डोक्यात पुढचं वाक्य असतं, मला ते इतकं उघड वाटतं की मी ते बोलतच नाही. तुमच्या काकांना २२ वर्षांच्या अनुभवाने ते उघडच वाटणार की इन्सर्ट बदलला की ऑफसेट काढायचा. म्हणून मी आता स्वतःला सवय लावलीय, प्रत्येक "केलंय" च्या मागे "आता तू" लावायचं. "इन्सुलिन थांबवलंय, आता तू ७ ला शुगर बघ, वाढलेली असली तर परत चालू कर." बस.

दुसरं म्हणजे "समजलं का?" असं कधी विचारू नका. समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात, नवीन मुली तर अर्धं ऐकायच्या आतच हो म्हणतात, कारण नाही म्हटलं तर आपण ढ ठरू ही भीती. मी विचारते, "बरं आता मी गेल्यावर तू पहिलं काय करशील ते मला सांग." ती सांगायला लागली की तिथल्या तिथे कळतं कुठे चुकतंय.

फोनवर डॉक्टर औषध सांगतात तेव्हा आम्ही लिहून परत वाचून दाखवतो, आणि आकडा सुटा करून बोलतो, फिफ्टीन असेल तर वन फाइव्ह, फिफ्टी असेल तर फाइव्ह झीरो. आयएसबीएआर म्हणून एक पद्धत शिकवतात, आधी स्वतःची आणि पेशंटची ओळख, मग आत्ता काय चाललंय, मागचं काय, मला काय वाटतं, आणि मला तुमच्याकडून काय पाहिजे. मूळची अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमधली, तिथून हॉस्पिटलांत आली. शेवटचा भाग सगळ्यात अवघड जातो आम्हाला. रात्री २ वाजता डॉक्टरांना "सर पेशंट बरा वाटत नाहीये" एवढं बोलून आपण थांबतो, पण "तुम्ही आत्ता येऊन बघावं असं मला वाटतं" हे बोलायला हिंमत लागते. ती हिंमत सीनियर लोकांनी द्यावी लागते, ती आपोआप येत नाही. तुमच्या त्या ट्रेनी पोराचा विचार करा जरा.

वेअर_पेज_शून्य

सगळ्यांचं वाचलं, पण माझं मत थोडं वेगळं आहे. मी सीएनसी प्रोग्रॅमिंग करतो. हा बोलण्याचा प्रॉब्लेम आहेच पण आधी पद्धतीचा आहे. रात्री ११ ला दमलेल्या माणसाच्या तोंडच्या एका वाक्यावर बोअरची साईझ अवलंबून आहे हेच मुळात चूक.

कंट्रोलवर जॉमेट्री (टूलचं मूळ माप) आणि वेअर (झीज) अशी ऑफसेटची दोन वेगळी पानं असतात. झिजेसाठी दिलेला ऑफसेट फक्त वेअरच्या पानावर द्यायचा आणि नियम एकच, इन्सर्ट बदलला की वेअर शून्य. कुणी सांगो न सांगो. मग पहिला पीस गो आणि नो-गो दोन्ही लावून, इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय सायकल स्टार्ट नाही. तुमच्याकडे फर्स्ट पीस अप्रूव्हल टूल चेंजनंतर लागू आहे का फक्त शिफ्टच्या सुरुवातीला? बऱ्याच ठिकाणी इथेच घोळ असतो, कागदावर दोन्ही असतं आणि डिस्पॅचच्या घाईत एकच होतं.

पोराने गो एकच लावला त्याअर्थी त्याला नो-गो कशासाठी असतो हे कुणी समजावलेलंच नाही, नुसतं "गेज लाव" सांगितलंय.

भोसरीचे_काका

वेअर_पेज, तुमचं बरोबर आहे, हा नियम तर उद्यापासून लावावा. पण नियमाच्या बाहेरचं रोज काहीतरी घडतंच. फिक्श्चरचा क्लॅम्प ढिला वाटतोय, कूलंटला वास येतोय, कास्टिंगची नवीन लॉट जरा कडक लागतेय, हे कुठल्या पानावर भरणार? ते एकमेकांना बोलूनच कळतं. आणि बोलणं तुटलेलं असलं की माणूस बघतो आणि गप्प बसतो.

पेडणेकर_रॅम्प

मी गोव्यात विमानतळावर रॅम्पला, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, काम करतो, आमच्या ट्रेनिंगमधलं एक लिहितो कारण ते सीनियर-जुनियरवर आहे आणि तुमचा अर्धा प्रश्न तोच आहे.

२७ मार्च १९७७, टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं एकाच रनवेवर होती, एक केएलएमचं आणि एक पॅन अ‍ॅमचं. केएलएमच्या को-पायलटने रेडिओवर जे सांगितलं त्याचा अर्थ "आम्ही टेक-ऑफच्या जागी आहोत" असाही होतो आणि "आम्ही टेक-ऑफ करतोय" असाही. टॉवर म्हणाला ओके, आणि पुढे थांबा म्हणाला, पण नेमकं त्याच क्षणाला पॅन अ‍ॅमवाले पण बोलले आणि दोन्ही आवाज एकमेकांत अडकले. केएलएमच्या फ्लाइट इंजिनीअरला शंका आली होती. त्याने विचारलं पण होतं की ते पॅन अ‍ॅम रनवेवरून गेलंय ना. कॅप्टन ठामपणे हो म्हणाला. कॅप्टन कंपनीचा मोठा ट्रेनिंग पायलट, त्याच्या त्या हो नंतर कुणी परत विचारलं नाही. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर नियम असा आला की टेक-ऑफ हा शब्द खरंच परवानगी देतानाच वापरायचा, बाकी वेळेला डिपार्चर म्हणायचं. म्हणून माझी सूचना, "ऑफसेट दिलाय" हे वाक्य तुमच्या लाईनवर बंदच करा. एक ठरलेलं वाक्य ठेवा, "ऑफसेट ४० चढवलाय, इन्सर्ट बदलल्यावर उतरव."

आणि दुसऱ्यांदा विचारणाऱ्यावर कुणी चिडायचं नाही हे तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर बोला.

साईटवरून_ठाणे

मी सिव्हिलवाला. तुमचा पोरगा बिहारचा आहे म्हणून फक्त एक मुद्दा. हिंदीत कल म्हणजे काल पण आणि उद्या पण, परसों पण तसंच. आपण मराठी माणसं घाईत हिंदी बोलताना अर्ध्या वाक्यात बोलतो, "कल वाला पानी मारना है", आता यातलं कल कुठलं? माझ्या साईटवर एका स्लॅबला दोन दिवस पाणी मारलं गेलं नाही यामुळे, दोन गँगना वाटलं दुसरी गँग मारून गेली. आता मी वार आणि तारीख बोलतो, "बुधवार १२ तारीख सुबह", आणि त्यांनाच सांगायला लावतो. आपली हिंदी आपल्याला वाटते तेवढी स्पष्ट नसते हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

अजून एक, आपल्याकडे "बघतो साहेब" आणि "होऊन जाईल" याचा अर्थ बरेचदा नाही असाच असतो, माणूस तोंडावर नाही म्हणायला लाजतो. बघतो ऐकलं की मी तिथेच थांबतो आणि विचारतो काय अडचण आहे. दहापैकी सात वेळा काहीतरी निघतंच, माणूस कमी, सामान नाही, नाहीतर सांगितलेलं पटलेलं नाही.

चाकणकर_शिफ्ट

सगळ्यांचे खूप आभार. ९ दिवसांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

भोसरीचे काका, बस ११:१० लाच सुटते. तुम्ही कसं ओळखलंत माहीत नाही. ११२ पीसची किंमत आणि बसची वेळ एका कागदावर लिहून मॅनेजरांकडे गेलो, त्यांनी ट्रान्सपोर्टवाल्याशी बोलून सेकंड शिफ्टची बस ११:२५ केली. दोनचार जण कुरकुरले, घरी उशीर होतो म्हणून, तेही खरंच आहे त्यांचं. थर्ड शिफ्टचा ऑपरेटर १०:५० ला मशीनपाशी येतो आणि दहा मिनिटं दोघं तिथेच उभे असतात.

वेअर शून्यचा नियम लावला. टूल चेंजनंतरचं अप्रूव्हल कागदावर होतंच, होत नव्हतं, आता इन्स्पेक्टर येईपर्यंत मशीन थांबतं आणि त्या वेळेची जबाबदारी माझी असं मी लिहून दिलंय.

माफी सोमवारी सकाळच्या मीटिंगला मागितली. फार काही बोललो नाही, एवढंच की त्या दिवशी चारचौघात ओरडलो ते चुकलं, इन्स्पेक्टर दोन लाईनला एकच होता हे मला माहीत होतं आणि तरी मी काही केलं नव्हतं. काका काहीच बोलले नाहीत. पण साडेपाचच्या चहाला स्वतःहून आले आणि म्हणाले, "मला वाटलं त्याला माहिती असेल. आमच्या वेळेला हे कुणी सांगायचं नाही, बघून बघून शिकलो." मग मी विचारलं, त्याला तुम्ही शिकवाल का? मीटिंगमध्ये नाही, मशीनवर. नुसतं नीट सांगत जा म्हणण्यापेक्षा हे बोलणं मला पण सोपं गेलं.

पोराला बाजूला घेऊन विचारलं की त्या रात्री शंका आली नव्हती का. म्हणाला, आली होती. "ऑफसेट दिया है मतलब क्या, ये पूछना था, लेकिन काका की बस छूट जाती." हे ऐकून मला खूप वाईट वाटलं. त्याच्याकडे प्रश्न होता, फक्त विचारायला जागा नव्हती.

सिस्टर, तुमचं "आता तू" मी पॅनलवर मार्करने लिहून ठेवलंय, मराठीत आणि खाली हिंदीत, "अब तू". काल रात्री मी मुद्दाम ११ पर्यंत थांबलो होतो. काकांनी पोराला इन्सर्ट किती पीस चाललाय, ऑफसेट किती चढवलाय, कधी उतरवायचा सगळं सांगितलं आणि म्हणाले, "अब तू बता, क्या करेगा?" तो सांगत गेला, एके ठिकाणी थांबला आणि नो-गो गेज हातात घेऊन म्हणाला, "काका, ये थोड़ा घिसा लग रहा है." काकांनी चष्मा लावून दिव्याखाली धरून बघितला, मग माझ्याकडे दिला. कॅलिब्रेशनची तारीख अजून दोन महिने पुढे होती पण कड खरंच गुळगुळीत झाली होती. स्टोअरमधून दुसरा गेज काढून दिला आणि हा आज सकाळी तपासायला पाठवलाय.